तरुण महाग्रहांचा वर्णपट आणि मिथेनचा प्रश्न

एखाद्या दूरस्थ गोलाच्या वर्णपटात जे आढळते त्यावरून त्याच्या घटनेविषयी अनुमान करणे, ही खगोलभौतिकीची रूढ पद्धती होय. याउलट, जे आढळावयास हवे होते परंतु आढळले नाही, त्याचे कारण शोधीत असता एखाद्या शास्त्रशाखेस नवी दिशा मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती असलेल्या तरुण महाग्रहांच्या निकट-अवरक्त वर्णपटाचा २००४ नंतरचा इतिहास हे अशा उदाहरणांपैकी एक होय. या ग्रहांच्या वातावरणात मिथेन वायूचे शोषणपट्टे ठळकपणे दिसतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्या ग्रहांचे वर्णपट प्रथम हाती आले त्यांत ते जवळजवळ नव्हतेच. ही अपेक्षा कशी तयार झाली, ती का फसली आणि तिच्या फसण्यातून काय निष्पन्न झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अपेक्षेचे मूळ सूर्यमालेतच आहे. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांच्या वर्णपटांची छायाचित्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्ही. एम. स्लायफर यांनी ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत घेतली. त्यांत रुंद काळे पट्टे होते. गुरूकडून नेपच्यूनकडे जावे तसतसे त्यांतील कित्येक अधिक गडद होत गेलेले दिसत. आणि हे पट्टे कोणत्या द्रव्याचे, हे कोणासच सांगता येत नव्हते. कोडे सुमारे पाव शतक तसेच राहिले. १९३२ च्या सुमारास गटिंगेन येथील रूपर्ट विल्ट यांनी हे पट्टे मिथेन आणि अमोनिया या वायूंचे असल्याचे ओळखले, आणि लौकरच माउंट विल्सन वेधशाळेतील थिओडोर डनहॅम यांनी लांब नळीत भरलेल्या वायूंच्या वर्णपटाशी ताडून पाहून त्यास पुष्टी दिली. १९४४ मध्ये जेरार्ड कायपर यांना शनीच्या टायटन या उपग्रहावरही मिथेन सापडला. महायुद्धाच्या काळात लेड सल्फाइडचे संवेदक तयार झाले होते. युद्ध संपताच कायपर यांनी ते दुर्बिणीस जोडले, आणि छायाचित्रणाच्या काचेला न दिसणारा सुमारे २.५ मायक्रॉनपर्यंतचा पट्टा ग्रहांच्या अभ्यासासाठी खुला झाला. हर्शल यांनी १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून जे अदृश्य किरण शोधले होते, त्यांचा ग्रहविज्ञानास खरा उपयोग होऊ लागला तो येथपासून, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व निरीक्षणांमागचे रसायनशास्त्र सरळ होते. महाग्रहांच्या वातावरणात हायड्रोजनाचे प्राबल्य असते. अशा वातावरणात कार्बनला दोन आश्रय असतात. तापमान उच्च असेल तर तो ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात राहतो. तापमान उतरले की हायड्रोजनाशी प्रक्रिया होऊन मिथेन आणि पाण्याची वाफ तयार होते. वातावरणाच्या दृश्य थरातील नेहमीच्या दाबास ही अदलाबदल साधारणतः १,२०० ते १,४०० केल्व्हिनच्या आसपास होते. म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक महाग्रहाने मिथेनची खूण दाखवावी, असा हिशेब होता.

१९९५ मध्ये या हिशेबास भक्कम आधार मिळाला. ताऱ्याहून लहान आणि ग्रहाहून मोठे, अणुगर्भीय हायड्रोजन-ज्वलन टिकवू न शकणारे गोल असले पाहिजेत, असे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ मध्येच गणिताने दाखविले होते. जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये त्यांना तपकिरी बटू हे नाव दिले. (हे गोल वस्तुतः तपकिरी दिसत नाहीत, परंतु नाव एकदा रूढ झाले की ते बदलत नाही.) शशक राशीतील सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्लीझे २२९ या मंद ताऱ्याचा सहचर असाच एक तपकिरी बटू असल्याचे पालोमार वेधशाळेतील निरीक्षकांनी १९९५ मध्ये जाहीर केले. ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाची घोषणाही फ्लॉरेन्सच्या त्याच परिषदेत झाली, आणि लोकांचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. तथापि वर्णपटविज्ञानाच्या दृष्टीने ग्लीझे २२९ बी याचेच महत्त्व अधिक होते. त्याच्या निकट-अवरक्त वर्णपटात १.६ आणि २.२ मायक्रॉनच्या पलीकडे मिथेनचे पट्टे इतके खोल होते की तो वर्णपट कोणत्याही ताऱ्यापेक्षा गुरूच्या वर्णपटाशी अधिक जुळत होता. त्याचे तापमान १,००० केल्व्हिनच्याही खाली होते. (हा बटू एकटा नसून परस्परांभोवती फिरणारी जोडी आहे, हे २०२४ मध्ये उघडकीस आले, मूळ वर्णपटाच्या अर्थास त्यामुळे बाध येत नाही.) पुढे अशा गोलांचा ‘टी’ नावाचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला, आणि त्याचे लक्षण म्हणून मिथेनच मानण्यात आला.

ग्रहांचा वर्णपट प्रत्यक्ष घ्यावयाचा तर तरुण ग्रहच का निवडावे लागतात, हे येथे सांगणे अवश्य आहे. महाग्रह जन्मतः तप्त असतो. आकुंचनामुळे त्याच्यात साठलेली उष्णता तो पुढील अब्जावधी वर्षे हळूहळू बाहेर टाकीत असतो. दृश्य प्रकाशात गुरूचे तेज सूर्याच्या अब्जांशाइतके भरते. ते वेगळे काढणे आजही दुष्कर आहे. उलट काही कोटी वर्षे वयाचा महाग्रह स्वतःच्या उष्णतेने निकट-अवरक्तात प्रकाशतो, आणि त्याचे तेज ताऱ्याच्या लाखांशाच्या आसपास जाते. तीन कोटी वर्षे वयाच्या गोलास तरुण म्हणणे विचित्र वाटेल; पण सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेता ते योग्यच होय. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प अवरक्ताचा बराच भाग गिळते. जी काही गवाक्षे मोकळी राहतात, त्यांतील १.६ आणि २.२ मायक्रॉनभोवतालची दोन या कामी विशेष उपयोगी पडली. वातावरणाच्या थरथरीने पसरलेली ताऱ्याची प्रतिमा क्षणोक्षणी आकार बदलणाऱ्या आरशाने सावरून घेण्याचे तंत्र, म्हणजेच अनुकूली प्रकाशिकी, १९९० नंतर मोठ्या दुर्बिणींवर आले नसते, तर पुढील इतिहास घडलाच नसता.

चिलीतील पारानाल येथील आठ मीटर दुर्बिणीवरून गाएल शोव्हँ आणि त्यांचे सहकारी यांनी एप्रिल २००४ मध्ये नरतुरंग राशीतील २एम १२०७ या तपकिरी बटूच्या शेजारी, सुमारे ०.७८ विकला अंतरावर, एक अतिमंद तांबूस बिंदू टिपला. ही जोडी सुमारे एक कोटी वर्षे वयाची आहे. त्या बिंदूच्या वर्णपटात पाण्याच्या वाफेचे शोषण स्पष्ट होते, मिथेन नव्हता. तेवढ्यावरून कोणाला आश्चर्य वाटले नाही. मिथेन नाही, अर्थात गोल पुरेसा तप्त आहे, असाच तर्क करण्यात आला. २००७ मध्ये सुभंजय मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपटाच्या आकारावरून तापमान काढले तेव्हा ते सुमारे १,६०० केल्व्हिन भरले. अडचण निराळ्याच बाजूने उभी राहिली. इतक्या तप्त आणि इतक्या अल्पवयीन गोलाने जेवढे तेजस्वी असावयास हवे, त्याच्या केवळ दशांश तेज २एम १२०७ बी याचे होते. तापमान खरे मानले तर त्याचा आकार गुरूहूनही लहान ठरे. आणि नुकताच जन्मलेला, अद्याप फुगलेला महाग्रह गुरूहून लहान असणे भौतिकदृष्ट्या शक्य नव्हते.

या विसंगतीवर जे उपाय सुचविण्यात आले ते पाहण्यासारखे आहेत. मोहंती यांनी असे मांडले की ग्रहाभोवती धुळीची तबकडी असून ती कडेने आपल्याकडे वळलेली आहे, आणि तिच्या आड नऊ दशांश प्रकाश झाकला जातो. एरिक मामाजेक व मायकेल मेयर यांनी त्याहून धाडसी कल्पना पुढे केली: जे दिसते आहे ते दोन ग्रहांच्या टकरीनंतर धगधगत राहिलेल्या लहान गोलाचे तेज असावे. दोन्ही कल्पना अभ्यासपूर्ण होत्या. पण दोहोंनीही एक गोष्ट निःशंकपणे गृहीत धरली होती, ती म्हणजे वर्णपटावरून काढलेले तापमान. मिथेनचा अभाव म्हणजे उष्णता, हे समीकरण कोणी तपासून पाहिले नव्हते.

ते तपासण्याचा प्रसंग एचआर ८७९९ या ताऱ्याने आणला. महाश्व राशीतील हा तारा सुमारे १३३ प्रकाशवर्षे दूर असून सूर्याच्या दीडपट वस्तुमानाचा आहे. ख्रिश्चन मारॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील केक व जेमिनी या दुर्बिणींतून त्याच्याभोवती तीन ग्रह पाहिले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ते जाहीर केले; चौथा २०१० मध्ये मिळाला. हे ग्रह गुरूच्या पाच ते दहा पट वस्तुमानाचे आहेत. एक ग्रह एकाकी आढळला असता तर तबकडी किंवा टक्कर यांचा आश्रय पुन्हा घेता आला असता. येथे तीन-चार ग्रह होते, आणि सर्वांचे वर्तन सारखेच होते. त्यांच्या एकूण तेजावरून तापमान ९०० ते १,१०० केल्व्हिन निघत होते, म्हणजे ग्लीझे २२९ बी याच्याहून फारसे अधिक नव्हते. परंतु रंग त्याच्याहून कितीतरी तांबडा होता. चारही ग्रहांपुढे धुळीच्या तबकड्या कडेने उभ्या आहेत असे म्हणणे म्हणजे योगायोगाची परिसीमा झाली असती.

जानेवारी २०१० मध्ये मार्कुस यान्सन व त्यांचे सहकारी यांनी पारानालवरून पाच तासांहून अधिक काळ प्रकाश साठवून या मालेतील सी ग्रहाचा ४ मायक्रॉनजवळील वर्णपट मिळविला. सूर्यासारख्या सामान्य ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा प्रत्यक्ष घेतलेला हा पहिला वर्णपट होय. तो तत्कालीन प्रतिमानांशी जुळला नाही. त्याच वर्षी ब्रेंडन बोलर यांनी केक दुर्बिणीच्या ओसिरिस या उपकरणाने बी ग्रहाचा २.२ मायक्रॉनभोवतालचा वर्णपट घेतला. मिथेनचा जो खोल खड्डा तेथे असावयास हवा होता, तो नव्हता.

उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. किंबहुना ते तीस वर्षांहून अधिक काळ छापील स्वरूपात पडून होते, आणि तेही गुरूविषयीच. रेनहार्ड बीर यांना १९७५ मध्ये गुरूच्या ५ मायक्रॉनजवळील वर्णपटात कार्बन मोनॉक्साइड सापडला होता. रासायनिक समतोलाच्या नियमाने इतक्या थंड वातावरणात तो नगण्य असला पाहिजे. रोनाल्ड प्रिन आणि स्टीफन बार्शे यांनी १९७७ मध्ये याचा उलगडा केला. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध अतिशय बळकट असल्याने त्याचे मिथेनमध्ये रूपांतर थंड थरांत अतिमंद गतीने होते. खोल, तप्त थरांतील वायू जर उभ्या प्रवाहाने त्याहून लौकर वर येत असेल, तर वरच्या थरात खालचेच मिश्रण गोठल्यासारखे तसेच टिकून राहते. ग्लीझे २२९ बी याच्या बाबतीतही फेगली व लॉडर्स यांनी १९९६ मध्ये हेच भाकीत केले होते, आणि दुसऱ्याच वर्षी कीथ नोल आणि सहकाऱ्यांना ४.७ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइड सापडला होता. तो मात्र किरकोळ अपवाद समजला गेला. कारण त्या गोलात मिथेनही भरपूर होता, आणि समतोलाच्या नियमास धक्का बसल्याचे भासले नाही.

तरुण ग्रहांत हा अपवादच नियम बनतो, याचे कारण गुरुत्वाकर्षणात आहे. तरुण ग्रह अद्याप पूर्ण आकुंचित झालेला नसतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरील आकर्षण प्रौढ तपकिरी बटूच्या मानाने फार कमी असते. दृश्य थरातील दाब त्यामुळे कमी राहतो, आणि समान दाबाच्या थरांची तुलना केली तर तरुण ग्रहाचे आतले थर अधिक तप्त आढळतात. त्या थरांत कार्बन मोनॉक्साइडचेच राज्य असते, आणि प्रवाहांनी वर येतो तोही तोच. केव्हिन झान्ले व मार्क मार्ली यांनी २०१४ मध्ये याचे पद्धतशीर गणित मांडले: आकर्षण जितके कमी, तितके मिथेन प्रकट होण्याचे तापमान खाली सरकते. सिलिकेट आणि लोखंड यांच्या ढगांचेही असेच आहे. प्रौढ गोलांत हे ढग १,३०० केल्व्हिनच्या आसपास दृश्य थराच्या खाली बुडतात. तरुण ग्रहांत ते त्याहून थंड अवस्थेतही वरच तरंगत राहतात, वर्णपटातील खाचा बुजवितात आणि ग्रहास तांबडा रंग देतात. ढगांचे हे आवरण विचारात घेण्याकडे थेन करी, निक्कू मधुसूदन, मार्ली प्रभृतींनी २०११-१२ मध्ये लक्ष वेधले.

ट्रॅव्हिस बारमन यांनी २०११ मध्ये दोन्ही कारणे एकत्र केली. प्रथम त्यांनी एचआर ८७९९ बी याचा वर्णपट ढग आणि असमतोल रसायन या दोहोंच्या साह्याने जुळविला. मग तीच रीत २एम १२०७ बी यास लावली. तापमान १,६०० वरून सुमारे १,००० केल्व्हिनवर उतरले, आणि त्याबरोबर ग्रहाचा आकार आपोआप योग्य तेवढा झाला. तबकडीची गरज उरली नाही, टकरीचीही नाही. अँड्र्यू स्केमर यांनी त्याच वर्षी निरीक्षणांच्या आधारे तबकडीची कल्पना स्वतंत्रपणे नाकारली होती. तापमान चुकले होते याचे मूळ वर्णपट अशुद्ध असण्यात नव्हते, तर तो ज्या कोशाच्या आधारे वाचला जात होता तो प्रौढ गोलांचा होता, यात होते.

मिथेनचा हा शोध एवढ्यावर थांबता तर त्याला तांत्रिक बाब म्हणून बाजूस सारता आले असते. पण त्याच्याशी ग्रहांच्या जन्माचा प्रश्न जोडला गेला होता. महाग्रह घन गाभ्याभोवती वायू जमून बनतो, की वायूच्या तबकडीचा एखादा भाग स्वतःच्या भाराने कोसळून थेट तयार होतो, हा वाद जुना आहे. कारिन ओबर्ग, रूथ मरे-क्ले आणि एडविन बर्गिन यांनी २०११ मध्ये असे दाखविले की तबकडीत पाणी, कार्बन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड निरनिराळ्या अंतरांवर गोठत असल्याने, ग्रहाच्या वातावरणातील कार्बन व ऑक्सिजन यांचे प्रमाण त्याच्या जन्माचा मार्ग सुचवू शकते. क्विन कोनोपॅकी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ओसिरिसनेच सी ग्रहाचा अधिक तपशीलवार वर्णपट घेतला; त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांच्या रेषांचे समूह निःसंदिग्ध दिसले, मिथेन दिसला नाही, आणि हे प्रमाण ०.६५ च्या आसपास, म्हणजे ताऱ्याहून किंचित अधिक निघाले. गाभ्याभोवती वाढ झाल्याचा तो संकेत मानला गेला. परंतु असे प्रमाण काढावयाचे तर कार्बनचा प्रत्येक आश्रय मोजला पाहिजे. मिथेनचा हिशेब चुकला तर ग्रहाचे जन्मवृत्तही चुकण्याचा संभव.

म्हणूनच त्यानंतरचा बी ग्रहाविषयीचा मतभेद क्षुल्लक नव्हता. २०१५ मध्ये बारमन आणि सहकाऱ्यांनी ओसिरिसच्या वर्णपटात पाणी व कार्बन मोनॉक्साइड यांच्याबरोबर मिथेनही अल्प प्रमाणात असल्याचे प्रतिपादन केले. २०१८ मध्ये पेती दी द ला रोश यांनी ओसिरिसच्याच नोंदींवर प्रत्येक रेणूचा नमुना प्रतिमेच्या बिंदूबिंदूशी ताडून पाहण्याची निराळी रीत वापरली. पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड ठळकपणे मिळाले, मिथेन मिळाला नाही. जाँ-बातीस्त रुफिओ यांनी २०२१ मध्ये दहा वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी एकत्र तपासून बी ग्रहावरील मिथेनचे प्रकरण संदिग्धच असल्याचा अभिप्राय दिला. एकाच उपकरणाच्या नोंदींतून असे परस्परविरोधी निष्कर्ष निघावेत, याचे नवल नाही. ताऱ्याचा विखुरलेला प्रकाश वजा करण्याची पद्धती बदलली की क्षीण रेषांचे भवितव्य बदलते. मजबूत रेषांबाबत मात्र कोणाचेच दुमत झाले नाही.

मिथेन अखेर मिळाला तो अधिक थंड ग्रहात. जेमिनीच्या चिलीतील दुर्बिणीवर २०१३ अखेरीस बसविलेल्या ग्रहचित्रक उपकरणाने यमुना राशीतील ५१ एरिडानी या ताऱ्याजवळ एक ग्रह टिपला, आणि ब्रूस मॅकिंटॉश व सहकाऱ्यांनी तो ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केला. हा तारा सुमारे ९७ प्रकाशवर्षे दूर आणि दोन कोटींच्या वर वर्षे वयाचा आहे. ग्रहाचे तापमान सुमारे ६०० ते ७५० केल्व्हिन असून १.६ मायक्रॉनभोवतालच्या वर्णपटात मिथेनची खूण प्रथमदर्शनीच ओळखू येते. तरुण ग्रहांत मिथेन प्रकट होण्याची सीमा खाली सरकलेली असते, या मताशी ही निरीक्षणे सुसंगत होती. २०१९ मध्ये पारानालच्या चारही मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश ग्रॅव्हिटी उपकरणात एकत्र करून एचआर ८७९९ ई या सर्वांत आतल्या ग्रहाचा वर्णपट घेण्यात आला. तेथेही कार्बन मोनॉक्साइडचे मान समतोलाच्या हिशेबाहून अधिक आणि ढग लोखंड व सिलिकेटचे, असेच निघाले.

भूपृष्ठावरून ३.३ मायक्रॉनजवळील मिथेनचा सर्वांत प्रबळ पट्टा नीट पाहता येत नाही. पृथ्वीच्या वातावरणातील स्वतःचा मिथेनच तेथे आड येतो. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने ही अडचण दूर केली. २०२३ मध्ये केव्हिन लुमन आणि सहकाऱ्यांनी तिच्या साह्याने २एम १२०७ बी याचा सुमारे १ ते ५ मायक्रॉनचा सलग वर्णपट घेतला. त्या प्रबळ पट्ट्याच्या जागीही मिथेन आढळला नाही. मात्र हायड्रोजनाच्या उत्सर्जनरेषा आढळल्या, म्हणजे ग्रहावर अद्याप वायू पडत आहे. त्याच वर्षी व्हीएचएस १२५६ बी या गोलाच्या वर्णपटात पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि सिलिकेटचे ढग ही सर्व एकत्र दिसली. हा गोल वयाने सुमारे चौदा कोटी वर्षांचा, म्हणजे एचआर ८७९९ च्या ग्रहांहून बराच प्रौढ आहे. मार्च २०२५ मध्ये विल्यम बामर आणि सहकाऱ्यांनी एचआर ८७९९ च्या ग्रहांच्या ४.३ मायक्रॉनभोवतालच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्यांत कार्बन डायऑक्साइडचे शोषण ठळक आहे. या वायूचे प्रमाण जड मूलद्रव्यांच्या मानाने झपाट्याने वाढते, आणि येथील मोजमापांवरून हे ग्रह आपल्या ताऱ्याच्या मानाने जड मूलद्रव्यांनी समृद्ध असल्याचे दिसते.